शेवटचा गाळा

अण्णा, खाली येणाऱ्या माशाचं तोंड कुठल्या बाजूला असतं, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. बाकी सगळं विचारलंत. मासा झोपतो का, झोपला तर वाहून का जात नाही, गढूळ पाण्यात त्याला वरची बाजू कुठली हे कसं कळतं, आणि एवढी मोठी नदी खाली पसरलेली असताना त्याला वरच कशाला जायचं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून तुम्ही मला विचारायचात. मी प्राथमिकची बाई, मला बेडकाच्या पुढचं फारसं येत नव्हतं. तरी मी काहीतरी ठोकून द्यायची आणि पुढच्या फोनला तुम्ही त्यातली चूक काढायचात. आता माझ्याकडे एक उत्तर आहे आणि त्याचा प्रश्न विचारायला तुम्ही नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

तुमची माझी गाठ पडली ती बरग्यांवरून, आणि तीही भांडणानं. आमच्या गावाला कृष्णेवर कोल्हापुरी बंधारा आहे. नदीत दगडी खांबांची रांग, दोन खांबांच्या मधली मोकळी जागा म्हणजे गाळा, आणि पावसाळा सरला की प्रत्येक गाळ्यात एकावर एक आडवे बरगे बसवून पाणी अडवायचं. पूर्वी हे बरगे लाकडी फळ्यांचे असत, मग लोखंडी आले. त्या पाण्यावर उन्हाळाभर आमचा ऊस जगतो, आणि पुराच्या आधी बरगे काढून नदी मोकळी करायची असते. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावातल्या पुरुषांचं एकमेकांच्या नावावर काही केल्या जमेना, म्हणून पाणी संस्थेची चेअरमन मला केलं. पहिल्याच वर्षी नवे लोखंडी बरगे बसवले आणि सगळीकडून पाणी गळायला लागलं. ते बनवणाऱ्याचा नंबर मी शोधला आणि माझ्या वर्गातल्या आवाजात त्याला फोनवर धरलं. तो माणूस तुम्ही होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "बाई, उद्या सकाळी शेवटच्या गाळ्यात या. समोरासमोर बघू."

मी सकाळी छत्री घेऊन बंधाऱ्यावर गेले. आमच्या काठापासून मोजायला लागलं तर पलीकडच्या काठाला टेकलेला तो शेवटचा गाळा. तिथं उभी राहिले. ऊन चढलं, मेंढरं पाण्यावर येऊन गेली, तुमचा पत्ता नाही. शेवटी तुमचाच फोन आला, आवाजात जरा नाराजी होती. मी कवाधरनं वाट बघतोय, तुमी हाय कुठं? मी म्हणाले, शेवटच्या गाळ्यात. तुम्ही म्हणालात, मी बी शेवटच्याच गाळ्यात हाय की, मग तुमी दिसंना कशा? मी म्हणाले, मलाही तुम्ही दिसत नाही. असं आपण बराच वेळ एकाच जागी उभं राहून एकमेकांना शोधलं. कुपवाडला वर्कशॉपच्या जागेलाही गाळाच म्हणतात आणि तुमचा गाळा त्या ओळीत शेवटचा, हे मला कुठून माहीत असणार? आणि लोखंडात उभा जन्म गेलेल्या तुम्हाला तरी नदीतला गाळा कसा आठवावा? उलगडा झाला तेव्हा तुम्ही इतके हसलात की मागच्या ग्राइंडरचा आवाजसुद्धा ऐकू येईना. माझा राग गेला होता, पण मी तो आणखी थोडा वेळ दाखवला.

मग तुम्ही आलात. बरग्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या बदलल्यात, सगळे गाळे एकेक करून कोरडे केलेत. गळती दिसली की तुम्हाला घास जात नसे. फक्त शेवटच्या गाळ्यात एक फट काही केल्या बुजत नव्हती. तिथला खांबच जरा वाकडा होता. ती फट बघायला तुम्ही पुन्हा आलात तेव्हा मृगाचा पाऊस वरच्या अंगाला लागला होता, पाणी तांबडं झालं होतं आणि बरगे काढायला आम्हाला नेहमीसारखाच उशीर झाला होता. ऊसवाल्यांचा जीव पाण्यात अडकलेला असतो. पाऊस नक्की लागला अशी खात्री झाल्याशिवाय कुणी बरग्याला हात लावू देत नाही.

त्या फटीतून पाण्याची एक धार जोरात बाहेर पडत होती आणि धारेखाली मासा होता. हातभर लांब, मोठ्या मोठ्या खवल्यांचा, अंगावर पिवळी झाक असलेला. तो उसळी घ्यायचा, बरग्यावर आपटायचा, खाली पडायचा, आणि परत वळून धारेत शिरायचा. मासळी बाजाराच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून लांबचा वळसा घालणारे तुम्ही, पँट वर खोचून ओल्या दगडावर उकिडवे बसलात.

"बाई, ह्यो काय करतोय?"

"चढतोय. खडस हाय. तांबडं पाणी आलं की वर जातोय."

"कशाला?"

मी गमतीनं म्हणाले, बाळंतपणाला, माहेरी. आणि मग खरंही सांगितलं. वर सातारा जिल्ह्यात नदी उथळ आहे, पाणी निवळ, तळाला गोटे. तिथं हे मासे अंडी घालतात. माझं माहेर त्याच बाजूचं. लहानपणी डोहात पोळीचा तुकडा टाकला की खडस वर यायचे, एवढे की पाणी हलायचं. आता माहेरी गेलं तर डोह आहे, तुकडा टाकला तर बाहेरून आणून सोडलेली चिलापी येते. खडस कुठं गेले ते कुणी विचारत नाही. हे सगळं मी बोलत होते आणि तुम्ही माशाकडे बघत होता. आपटण्याचा आवाज येत होता, लोखंडावर मूठ मारल्यासारखा. तुम्ही हसला नाहीत.

"म्हंजे ती माहेरला निघालीया आणि मी दार लावून बसलोय," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालात, "सगळं बंद केलं, तर गळती म्हंजे दार वाटलं की तिला."

त्या दिवशी ती फट तुम्ही बुजवली नाहीत. मला वाटलं, रबर संपलं असेल.

आमच्या घरी याचं फार कौतुक झालं. आमचे हे सुभेदार म्हणून रिटायर झालेले, बोलताना निम्मी हिंदी असते. ते म्हणाले, कमाल आहे, ज्याला मासा खायचा नाही त्याला माशाची फिकर, और जिसको खाना है वो चेअरमन. तुम्ही आमच्याकडे आलात की सुभेदार मुद्दाम माशांचा विषय काढायचे आणि तुम्ही चहाच्या कपाकडे बघत गालात हसायचात. अंधार पडायच्या आत जेवणारे, कांदा-बटाटा न खाणारे तुम्ही. तुम्हाला आमच्या घरात काय द्यावं याचं मला कोडं पडायचं. शेवटी केळी आणि दूध ठरून गेलं.

पुढच्या वर्षी तुम्ही बरग्याला खिडकी कापून आणलीत. सगळ्या नदीवर असा बरगा कुणी पाहिला नव्हता. माशाला खरचटू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, आतून हात फिरवून दाखवलात. बसवला आणि खिडकीतून पाणी असं सुटलं की त्यात म्हैससुद्धा उभी राहिली नसती. मासे खाली जमले, बघत राहिले, एकही वर गेला नाही. मी म्हणाले, अण्णा, दार केलंत पण दारात धबधबा ठेवलात. तुम्ही घडीची खुर्ची टाकून तिथंच बसून राहिलात. मासा कुठं दम खातो, दगडाच्या कुठल्या बाजूला थांबतो, हे बघत होता. मग त्या गाळ्याच्या खालच्या अंगाला तुम्ही पत्र्याच्या टाक्यांची उतरंड लावलीत. वरच्या टाकीतलं पाणी डाव्या कोपऱ्यातून खालच्या टाकीत, तिच्यातलं उजव्या कोपऱ्यातून आणखी खालच्या टाकीत. म्हणजे माशाला एकदम उडी नको, टप्प्याटप्प्यानं दम खात जाता येईल. तळाला नदीतले गोटे पसरलेत. पहिल्या पुरानं सगळी उतरंड उचलली आणि खालच्या शिवारात तानाजीभाऊंच्या उसात नेऊन ठेवली. त्यांनी फोन करून सांगितलं, अण्णा, तुमच्या बादल्या आमच्या उसात आल्यात्या, नेणार का आम्ही भरू? तुम्ही नेल्यात, आणि नंतर साखळीनं बांधायला लागलात.

तानाजीभाऊंनीच पुढं खिडकीच्या तोंडाला जाळं लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढी सोय करून दिलीय, मासा आपणहून एका जागी येतोय, मग घेऊ नये का? चढणीचा मासा धरणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. तुम्ही खुर्ची उचलून जाळ्याशेजारी मांडलीत आणि बसलात. दुपारपर्यंत सगळा गाव माशांचा वॉचमन बघून गेला. तानाजीभाऊंना आधी राग आला, मग संकोच वाटला, मग त्यांनी तुमच्यासाठी चहा आणवला आणि चहा पिऊन झाल्यावर स्वतःच जाळं गुंडाळलं. पण खिडकीशी त्यांचं कधी जमलं नाही. ऊस वाळत असताना कुणी पाणी मुद्दाम सोडतं का, हा त्यांचा प्रश्न दरवर्षी मीटिंगला असायचा आणि मी तो इतिवृत्तात लिहून घ्यायची.

एकदा असंच बसलेलो असताना तुम्ही हळूच विचारलंत, "चवीला कसा असतोय ह्यो?" मी इकडंतिकडं बघितलं. जैन माणसाला खडसाची चव सांगायची म्हणजे मलाच पाप लागेल असं वाटलं. मग सांगितलं, गोडसर असतो, काटे लय. तुम्ही मान हलवलीत, एखाद्या लोखंडाची जात कळल्यासारखी, आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागलात. तुम्ही मला मासे सोडा असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असता तर मी भांडले असते आणि दुप्पट खाल्ले असते. न म्हणता तुम्ही काय केलंत कोण जाणे. मी चिलापी अजून खाते, मला आवडते. पण चढणीचा मासा आमच्या चुलीवर त्यानंतर शिजला नाही. सुभेदारांनी विचारलं तर मी बाजारात मिळाला नाही म्हणून सांगायची. तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते मिटलं नाही. तुमचं म्हणणं, माशाला वरची ओढ असते, त्याला तिथलं आठवतं. माझं म्हणणं, आठवत बिठवत नाही, पाणी अंगावर आलं की त्याच्याकडे तोंड करायचं हा त्याचा स्वभाव आहे, आणि तोंड तिकडं केल्यावर पोहलं की आपोआप वर जाणं होतं. तुम्ही विचारायचात, मग सगळ्याच माशांना हा स्वभाव का न्हाई? मी विषय बदलायची. दुसरं भांडण त्याहून साधं होतं. तुमच्या खिडकीतून एक तरी मासा वर गेला का? तुम्ही म्हणायचात, गेला. मी म्हणायची, कुणी बघितला? खालच्या टाकीत मासे दिसायचे, मधल्या टाकीतही दिसायचे. वरच्या टाकीत पाणी फेसाळलेलं, तिथं काही दिसत नसे. शिवाय वर कराडपर्यंत आणखी बंधारे आहेत, त्यांना कुठं खिडक्या आहेत? तुम्ही म्हणायचात, आधी आपल्या दाराचं बघू, मग शेजाऱ्याचं.

आणि दरवर्षी भाद्रपदात, तुमचं पर्युषण झालं की, तुमचा फोन यायचा. "बाई, उत्तम क्षमा. वर्षभरात बोलण्यात काय चुकलं असंल तर मनात ठेवू नका." मी म्हणायची, मनात ठेवणारच आहे, नाहीतर पुढच्या वर्षी भांडायचं कशावरून? तुम्ही हसून फोन ठेवायचात. पहिल्या वेळी मला ही क्षमा कशाबद्दल तेच कळलं नव्हतं. नंतर मी त्या फोनची वाट बघायला लागले. या वर्षी भाद्रपद असाच गेला.

या वर्षी पाऊस लांबला, मग एकदम आला. बरगे जागेवर असतानाच तांबडं पाणी वर आलं. सगळ्या बंधाऱ्यात उघडं काय होतं, तर तुमची खिडकी. तुम्ही तेव्हा अंथरुणावर होता, बोलताना धाप लागत होती. रोज फोन, काय दिसलं का? मी खुर्ची टाकून बसायची. खालच्या टाकीत खडस होते, चांगले मोठे, ते मी डोळ्यांनी बघितले. वरच्या टाकीत नुसती तांबडी राड. मी खरं तेच सांगितलं, अण्णा, काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, असू दे, पाणी निवळंल तवा बघू. पाणी निवळायच्या आधी तुम्ही गेलात.

मातीला मी आले होते. वहिनींजवळ बसले. निघताना तुमचा सन्मती दारापर्यंत आला. पुण्याला चांगली नोकरी असलेला तुमचा मुलगा, कुपवाडचा गाळा विकून टाका म्हणून वर्षानुवर्षं तुमच्या मागं लागलेला. डोळे सुजले होते. त्यानं मला सांगितलं की शेवटी तुम्ही शुद्धीवर आलात, त्याचा हात धरलात आणि म्हणालात, शेवटचा गाळा बंद करू नगंस. बस, एवढंच. "बाई, मी तो गाळा इकणार न्हाई आता," तो म्हणाला. "नोकरी सोडतो म्हणून कळवलंय. अण्णांनी तोंडातनं दुसरा शब्द काढला न्हाई. मी गाळा बंद करणार म्हणून त्यांचा जीव अडकला व्हता, मला तवा कळलं."

मी दारात उभी होते आणि माझ्या डोक्यात दुसराच गाळा होता.

परत येताना गाडीत सुभेदारांना सांगितलं. त्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, तू सांगणार आहेस त्याला? मी म्हणाले, काय सांगू? बाबा रे, तुझ्या बापाला मरताना तू नाही, मासा आठवला? ज्या वाक्यावर त्यानं नोकरी सोडली, ते वाक्य त्याच्या हातातून काढून घेऊ? आणि मला तरी काय खात्री? तुम्ही वर्कशॉपबद्दलच बोलला असाल. तिथंही तुमचा उभा जन्म गेला. अण्णा, त्या दिवसापासून मी तुम्हाला एकच विचारतेय, कुठला गाळा?

पूर ओसरला, बरगे घालायचे दिवस आले आणि मीटिंग भरली. तानाजीभाऊ उठले. अण्णा गेले, वाईट झालं, माणूस लाखातला होता, पण आता ती खिडकी कशाला? यंदा उसाची लागण जास्त आहे, उन्हाळ्यात पाणी पुरायचं नाही. शेवटच्या गाळ्याला नवा अखंड बरगा घालू. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणाची हिंमत झाली नसती. मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द गाव मोडत नाही. पण ते वाक्य माझं नव्हतं, सन्मतीचं होतं, आणि त्याचा अर्थ मला हवा तसा लावून मी ते वापरावं, हे काही मनाला पटेना.

मी म्हणाले, मला बघायचंय. तानाजीभाऊ म्हणाले, काय बघायचंय बाई? मी म्हणाले, आत्तापर्यंत मासा जातो की नाही यावर मी अण्णांशी भांडत होते. तांबड्या पाण्यात दिसलं नाही. आता पाणी निवळ आहे. मला दिवाळीपर्यंत बघू द्या. काही दिसलं नाही तर मी स्वतः अखंड बरगा बसवून घेते. लोक हसले. चेअरमनबाईंना अण्णांची हवा लागली, असं कुणीतरी मागून म्हणालं. पण मिळाली मुदत. खिडकीचा जुना बरगा तात्पुरता बसला, आणि अखंड बरग्याची ऑर्डर तुमच्याच गाळ्यात गेली, मापं तिथंच होती म्हणून. सन्मतीला मिळालेलं ते पहिलं काम. कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नाही.

तुमची खुर्ची मी गाळ्यापाशी टाकली. रोज सकाळी जाऊन बसत होते. खरं सांगते, पहिले काही दिवस मी तुमच्यासाठी बसले, मग मात्र स्वतःसाठीच. पाण्याकडे नुसतं बघत बसलं की किती काय दिसतं! खेकडा टाकीच्या कडेनं आडवा चढून जातो. खंड्या रोज एकाच साखळीवर येऊन बसतो. टाकीच्या ज्या कोपऱ्यात पाणी वळतं तिथं पान गोल गोल फिरत राहतं आणि मग कधीतरी अचानक सुटतं. का सुटतं, हे तुम्ही नक्की विचारलं असतंत. मी वर जाणारा मासा शोधत होते. एकही दिसला नाही. दिवाळी जवळ आली, घरी फराळाचं पडलं होतं आणि सुभेदार एकटेच चकल्या पाडत होते.

मग एके सकाळी वरच्या टाकीत काहीतरी हललं. आधी वाटलं पानं आहेत. बोटाएवढी पिल्लं होती, घोळक्यानं. खिडकीतून येत होती, वरून. धारेत आली की शेपटी आधी, तोंड वरच्या बाजूलाच, पाण्याला धरून धरून मागं सरकत खाली येत होती. एका टाकीत थांबायची, कोपऱ्यात दम खायची, मग परत शेपटीकडून पुढच्या टाकीत. तुमच्या उतरंडीतून एकेक टप्पा घेत ती उलट्या पावली उतरत होती. खवले अंगाच्या मानानं मोठे, पंखांना पिवळी कड. मी खुर्चीवरून उठले नाही, हलले तर जातील असं वाटलं. माहेरच्या डोहात मी ही अशी पिल्लं बघितली आहेत. खडसाचीच होती.

आपण इतकी वर्षं चढण, चढण करत बसलो, अण्णा. उतरायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाळंतपणाला गेलेली बाई बाळाला घेऊन परत येतेच की, एवढी साधी गोष्ट. ही पिल्लं वरून आली म्हणजे वर कुणीतरी गेलं होतं. तुम्ही असता तर मी लगेच म्हणाले असते, तुमच्या खिडकीतूनच गेलं कशावरून, नंतर पुरात गाळे मोकळे झाले तेव्हा गेलं असेल. आणि तुम्ही म्हणाला असता, असंल. पण आलं तरी खिडकीतनंच ना? खाली येताना तोंड वर का, यावरही आपलं जुंपलं असतं. तुम्ही म्हणाला असता, माहेराकडं बघत बघत येत्यात. मी म्हणाले असते, पाण्याकडे पाठ केली तर कल्ल्यात पाणी कसं शिरणार, श्वास कसा घेणार? माझं बरोबर असणार. तरी मी तिथं बसून रडले, चांगली मोठ्यानं रडले, खंड्या उडून गेला.

तानाजीभाऊंना बोलावलं. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत राहिले, बराच वेळ. शेवटी म्हणाले, एवढी एवढीशी हायती की. पुढं पाण्याचं काही बोलले नाहीत, पण मुदत संपली असंही म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी सन्मती टेम्पो घेऊन आला. मागं नवा कोरा अखंड बरगा, निळा रंग मारलेला. पहिलं काम म्हणून त्याला हार घातला होता. काठावर उतरून त्यानं मला विचारलं, "बाई, कुठल्या गाळ्याला बसवायचाय?" तानाजीभाऊच म्हणाले, शेवटच्या. सन्मतीनं खिडकीकडे बघितलं, टाक्यांकडे बघितलं, साखळ्यांची तुमच्या हातची वेल्डिंग त्यानं ओळखली. मग खुर्ची बघितली. तो खाली बसला, तसाच उकिडवा, पँट खोचून. पिल्लं उतरत होती. तो किती वेळ तसा बसला होता कोण जाणे.

"बाई," तो वर न बघता म्हणाला, "अण्णा ह्या गाळ्याबद्दल बोललं व्हतं का?"

"मला ठाऊक न्हाई रं," मी म्हणाले. "मी तिथं नव्हते. तू व्हतास."

तेच खरं होतं, आणि दुसरं काही सांगायला माझं मन झालं नाही. तो उठला. जुन्या बरग्याची खालची कड हातानं दाबून बघितली, गंज पापुद्र्यासारखा सुटून आला. हा पुढचा उन्हाळा काढणार नाही, म्हणाला. मग तानाजीभाऊंकडे वळून त्यानं सांगितलं की नवा बरगा आज बसणार नाही, माप चुकलंय. माप चुकलं नव्हतं. हे तानाजीभाऊंनाही कळलं आणि त्यांनीच टेम्पोत बरगा परत चढवायला हात लावला. हार तसाच होता.

अण्णा, पुढच्या वर्षी पाणी कमी पडलं तर गाव मला उभं चिरेल. वरच्या बंधाऱ्यांना अजून खिडक्या नाहीत, आणि चढणारा मासा मी अजून बघितलेला नाही. मला बघायचा आहे. तुमचा तो रोग आता माझ्या मागं लागलाय, त्याबद्दल तुमचे उपकार मानू की तुम्हाला दोष देऊ, ते पुढच्या भाद्रपदात ठरवीन. काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका, हे आता मलाच म्हणावं लागेल.

काल सकाळी सन्मतीचा फोन आला. मागं ग्राइंडर चालू होता.

"बाई, खिडकी कापून झाली. कडा अजून घासल्या न्हाईत, तुमी सांगा तशा करू. उद्या शेवटच्या गाळ्यात या."

मी विचारलं, "कुठल्या?"

ग्राइंडर थांबला. मग तो हसायला लागला, अगदी तुमच्यासारखा.